थांब कोणाला म्हणायचे?



मागच्या आषाढी वारीतली गोष्ट. पुण्याचा मुक्काम आटोपून पालखी दिवे घाटाला लागली होती. दिंडीत माझ्या बाजूने एक तिशीतला मुलगा चालत होता. चढावर दम लागला की चाल मंदावते आणि माणसे दोन शब्द बोलतात. तसा तो बोलू लागला. चाकणकडच्या एका कारखान्यात कामाला. पाळी आठ तासांची, पण ओव्हरटाइम धरून बारा तास होतात. जाण्यायेण्याचे दोन तास वेगळे. रजा दोनच दिवसांची मिळालेली, म्हणून सासवडचा मुक्काम करून तिथूनच परत फिरायचे होते. घरी चार वर्षांची मुलगी.

"मी निघतो तेव्हा ती झोपलेली असते, घरी येतो तेव्हाही झोपलेली असते," तो म्हणाला. "घरची मंडळी यावरून बोलतात. मी म्हणतो, सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, मी मशीनवर पाहतो. आमचे साहेबही सांगतात, काम हीच पूजा. मग माउली, तुम्हीच सांगा, माझं चुकतं कुठं?"

मला उत्तर देता आले नाही. "बघ बाबा, विचार करून सांगतो" असे काहीतरी म्हणालो, आणि तेवढ्यात पुढच्या मंडळींनी अभंग उचलला. सासवडला गर्दीत तो हरवला. त्याचे उत्तर माझ्याकडे राहिले आहे. आज ते तुमच्यासमोर मांडतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. वाचकहो, तुमच्याही घरात तो कोणीतरी विचारलेला असेल, किंवा विचारायचा सोडून दिला असेल.

प्रथम सावतोबांचेच पाहू. वारकरी संप्रदायाने काम कधी हलके मानले नाही. गोरोबा मडकी घडवीत, नरहरी महाराज सोनारकाम करीत, सेना महाराज नाभिकाचे काम करीत. हात कामात आणि मुखी नाम, हा आपला मार्ग. अरणच्या मळ्यात सावतोबा राबत आणि देवच त्यांच्या भेटीला आला, असे परंपरा सांगते. आजही पंढरीहून देवाची पालखी अरणला जाते. तेव्हा कामात देव पाहता येतो, हे त्या मुलाचे म्हणणे खोटे नाही.

पण जरा थांबून विचारा की सावतोबांचा मळा कोणाचा होता? त्यांचा स्वतःचा. मोट कधी धरायची आणि कधी सोडायची, हे ते ठरवीत. दिवस मावळला की बैलांना सोडावेच लागे, कारण अंधारात वाफा दिसत नाही. मळ्याला ऋतू होता, पाण्याला पाळी होती, जनावराला थकवा होता. त्या कामाला स्वतःची हद्द होती, ती कोणी वेगळी घालून द्यावी लागत नव्हती. शिवाय मळा आणि घर यांत दोन तासांचा रस्ता नव्हता. मूल बांधावर खेळत असे, भाकरी बांधावर येत असे. सावतोबांचे काम त्यांना घरापासून तोडत नव्हते.

आता दुसऱ्या संताकडे या. मंगळवेढ्याचे चोखोबा. गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर त्यांना लावले होते. ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. पुढे नामदेवराय त्या ढिगाऱ्यापाशी गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. ही कथा आपण सगळे कीर्तनात ऐकतो. पण माउली, त्या भिंतीला कोणी पूजा म्हटल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? मी ऐकलेले नाही. नाम हाडांत होते, भिंतीत नव्हते.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही कामात नाम घेता येते, अगदी वेठीच्या कामातही. तो घेणाऱ्याचा मोठेपणा. त्यामुळे ते काम देव होत नाही, आणि ते करून घेणाऱ्याला "हीच तुझी पूजा" असे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. पूजा ज्याची त्याने करायची असते. दुसऱ्याच्या वाट्याची पूजा किती तास चालावी, हे ठरवणारा पुजारी नसतो, मुकादम असतो.

तुम्ही म्हणाल, महाराज, हे फार झाले. आजच्या नोकरीला वेठ कशी म्हणता? बरोबर आहे, वेठ नाही. पगार मिळतो, कायदा आहे. पण तो कायदा कुठून आला, हेही आपण विसरू नये. मुंबईत १८५०च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या. त्यांत राबायला गेले ते कोकणातले आणि घाटावरचे आपलेच लोक, चाळीत भजनी मंडळ चालवणारे, कार्तिकी-आषाढीला डोळे पंढरीकडे लावून बसणारे. त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे ठेवला. त्यातल्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे.

सूर्यास्ताला थांबावे! सावतोबांच्या मळ्यात जे सूर्य आपसूक करत होता, ते गिरणीत अर्ज करून मागावे लागले. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण त्या वारी घरी बसून देवाला भंडारा वाहायची मोकळीक मिळवायला माणसांना सभा घ्याव्या लागल्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची उरलीसुरली हद्दही पुसली गेली. मग ती हद्द माणसांनी कायद्याने परत आणली, तीही एकेक पायरी चढत. १९११च्या कायद्याने कापडगिरणीत पुरुषांना दिवसाला १२ तास, १९२२ साली कारखान्यांत ११ तास, १९३४ साली १० तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत असताना १९४६ साली आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. १९४८च्या कारखाना कायद्याने तीच कायम केली. वर काम करून घेतले तर दुप्पट मजुरी, हेही त्याच कायद्यात आले. म्हणजे संध्याकाळी घरी जाणे हे आपल्याला कोणी दान दिलेले नाही. आजा-पणजांनी ते मिळवून ठेवले आहे. गेल्या काही वर्षांत बडे उद्योजक आठवड्याला ७० तास, कोणी ९० तास काम करावे असे सांगू लागले आहेत. ते ऐकताना हा इतिहास मनात असावा, एवढेच म्हणतो.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, नाहीतर हे सगळे दुसऱ्याला शहाणपण शिकवणे होईल.

मीही एका कारखान्यात तीस वर्षे काढली. माझे वडील माळकरी. शेतातली पेरणी आटोपली की दरवर्षी पायी वारीला निघत. त्यांची एकच इच्छा होती, एक वारी बापलेकांनी बरोबर करावी. मी म्हणे, "दादा, पुढच्या वर्षी नक्की." त्या दिवसांत ओव्हरटाइम भरपूर असे, आणि दुप्पट पैसे सोडवत नसत. घराला पत्रे होते, स्लॅब टाकायचा होता. स्लॅब पडला. मग रंगीत टीव्ही घ्यायचा होता. तोही आला. दादा दरवर्षी विचारत, मग त्यांनी विचारायचे सोडले. मला वाटले, समजले त्यांना. एका वैशाखात ते गेले. त्या आषाढीला मी पहिल्यांदा पायी निघालो, त्यांची पताका खांद्यावर घेऊन. अख्ख्या वाटेने मला एकच गोष्ट टोचत होती. कंपनीने मला बांधून ठेवले नव्हते. रजेचा अर्ज मी कधी दिलाच नव्हता. साहेब नाही म्हणाले असते की हो, हे मला आजही माहीत नाही, कारण थांब मी साहेबांना म्हटलेच नाही. मी दरवर्षी थांबायला सांगितले ते दादांना.

का सांगितले? कारण ते थांबणार, हे मला ठाऊक होते.

माउली, इथे मला पुंडलिकराय आठवतात. हे सारे पंढरपूर ज्यांच्यामुळे आहे, ते पुंडलिकराय. कथा तुम्हाला पाठ आहे. आधी त्यांनीही आईवडिलांना अंतर दिले होते. मग डोळे उघडले आणि ते सेवेला लागले. त्या सेवेत असताना दारी साक्षात पांडुरंग आला. पुंडलिकांनी वीट पुढे सारली आणि म्हटले, थांब, माझे हातातले काम होऊ दे. अठ्ठावीस युगे झाली, तो थांबला आहे.

आपण या कथेत पुंडलिकांची मातृपितृभक्ती पाहतो, ते योग्यच आहे. पण त्यांनी थांब कोणाला म्हटले, तेही पाहा. ज्याला थांब म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही, त्यालाच म्हटले. म्हाताऱ्या आईवडिलांना थांबवून देवाकडे धावणे सोपे होते. लोकांनी वाखाणलेही असते. आईबाप बिचारे काही बोलले नसते. आपण सगळे हेच सोपे करतो. जो ओरडेल त्याच्याकडे धावतो, आणि जो मुकाट्याने थांबेल त्याला थांबवतो. साहेबाचा फोन पहिल्या घंटीला उचलतो आणि आईला म्हणतो, "आलोच". गिऱ्हाइकाला म्हणतो "या, बसा", आणि लेकराला म्हणतो "नंतर". पुंडलिकांनी ही रीतच उलटी केली, म्हणून तर देव विटेवर उभा राहिला.

आणि देव रागावला नाही. निघून गेला नाही. त्याने कमरेवर हात ठेवले आणि वाट पाहिली. त्या मुलाला द्यायचे उत्तर मला इथे सापडले. तू मशीनवर विठ्ठल पाहतोस ना? मग एकदा त्याला थांब म्हणून बघ. मुलगी तापाने फणफणली आहे, आज मी लवकर जातो, असे म्हणून बघ. थांबला तर तुझे म्हणणे खरे. पण जो थांबतच नाही, एक दिवस चुकला तर पगार कापतो आणि दोन दिवस चुकले तर दुसरा माणूस आणतो, तो कामधंदा असेल, पोटाचा आधार असेल, त्याचा अनादर करू नये. पण त्याला विठ्ठल म्हणू नये. आपला विठ्ठल थांबणारा आहे.

इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. तुकोबारायांनी तरी संसाराकडे कुठे लक्ष दिले? जिजाबाईंना भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढावा लागत होता. मग संतांनी घरच्यांना थांबवले ते चालते, आणि आम्ही पोटासाठी थांबवले ते चालत नाही?

तुकोबांची बरोबरी करण्याची माझी लायकी नाही. पण त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, हे सगळे सांगतात. त्याआधी काय केले, तेही चरित्रात आहे. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना वेगळा काढून दिला, आणि फक्त आपल्या वाट्याची खते नदीत सोडली. वैराग्य आले तेव्हाही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. आपण नेमके उलटे करतो. आपला वाटा, म्हणजे पगार, बढती, नाव, घट्ट धरून ठेवतो, आणि जे आपले नाही ते सोडून देतो. संध्याकाळचा जो तास लेकराच्या वाट्याचा, सकाळची जी दोन वाक्ये आईच्या वाट्याची, रविवारची जी दुपार बायकोच्या वाट्याची, ती खते आपण तिला न विचारता नदीत टाकतो. आणि वर म्हणतो, मी घरासाठी त्याग करतो आहे. त्याग आपल्या वाट्याचा असतो. दुसऱ्याच्या वाट्याचा केला तर त्याला दुसरा शब्द आहे, तो तुम्हाला माहीत आहे.

आता सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये, हेही सांगितले पाहिजे. बीडकडचे ऊसतोडकरी जोडपे दिवाळीच्या सुमारास घर सोडते. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बाई पहाटेच्या अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर फडात मोळ्या वाहते, रात्री खोपटात पुन्हा चूल पेटवते. तिला "कामाला थांब म्हण" असे सांगणे हा तिच्या जखमेवर मीठ चोळणारा उपदेश होईल. ज्याचे थांबणे दुसऱ्याच्या हातात आहे, त्याला दोष देऊ नये. दोष असेल तर ज्याच्या हातात आहे त्याचा. अशा माणसासाठी कामाचे तास कमी व्हावेत, मजुरी पुरेशी मिळावी म्हणून बोलणे, हाही धर्मच आहे. लोखंड्यांनी तो केला.

आणि ती बाई मळ्यातून, कारखान्यातून, कचेरीतून घरी येते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते. पुरुषाला घर म्हणजे विसावा, तिला घर म्हणजे आणखी काम. जनाबाईंच्या कथेत देव काय करतो, ते आठवा. जात्याशी बसलेल्या जनीला त्याने "दळण हीच तुझी पूजा" असा उपदेश केला नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला. शेणी वेचायला, पाणी भरायला तो तिच्याबरोबर गेला. बाप्यांनो, माझ्यासकट तुम्हा सगळ्यांना सांगतो, जनाबाईचे नाव घेऊन टाळ वाजवायचा आणि घरी जेवलेले ताट जागेवरच सोडायचे, हे जमत नाही.

तुमच्यापैकी काही जण दुकानदार आहेत, कारखानदार आहेत. तुम्ही दिंड्यांना पंगती घालता, पाणी देता, पायाला तेल लावता. मोठे पुण्याचे काम आहे. एकच विचारतो. तुमच्या दुकानातला पोरगा रात्री किती वाजता घरी पोचतो? त्याला वारीला चार दिवस मागायचे असतील, तर तो मागायला धजतो का? वारकऱ्याच्या पायाला तेल लावणाऱ्या हाताने आपल्या नोकराला एक संध्याकाळ दिली, तर पांडुरंगाला ते कमी पोचेल असे मला वाटत नाही.

वारीत संध्याकाळी समाजआरती होते. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात सारे शांत होते. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प राहत नाही. तिचे टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन काय झाले ते विचारतात, आणि निवाडा झाल्यावरच ते टाळ थांबतात. मला ही रीत फार आवडते. घरातही कोणाचे तरी टाळ वाजत असतात. बायकोची कुरकुर, लेकराचा हट्ट, आईचे तेच तेच विचारणे. आपण त्याला कटकट म्हणतो. ती तक्रार असते, आणि जोवर वाजते आहे तोवर आशा असते. माझ्या दादांचे टाळ थांबले तेव्हा मी समजलो की निवाडा झाला. निवाडा झाला नव्हता. ते दमले होते.

मग करायचे काय? नोकरी सोडा असे मी सांगणार नाही. संप्रदायाने संसार सोडायला कधी सांगितले नाही. आपल्याकडे उपाय जुनाच आहे. तो म्हणजे नेम. माळ घालताना आपण नेम घेतो. महिन्याच्या दोन एकादशा आणि वर्षाची वारी हे नेम म्हणजे तरी काय? कामाला घातलेली हद्दच. पेरणी झाली की शेतकरी शेत देवावर सोडून निघतो. मागे तण वाढते, ते त्याला दिसत नाही असे नाही. तरी तो निघतो. तसाच एक नेम घरासाठी घ्या. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस. पण ठरलेले दिवस, ठरलेली वेळ. फोन देवघरापाशी ठेवून द्या. सगळे मिळून हरिपाठ म्हणा, नंतर अर्धा तास नुसते बोला. एकादशी मोडायची वेळ आली तर जीव कसा कासावीस होतो, तसा तो नेम मोडताना व्हावा. आणि वर्षातून एकदा तरी रजेचा अर्ज द्या. नाकारला तर नाकारला. पण आपण मागितलेच नाही, हे ओझे घेऊन चालू नका. ते जड असते. मी वाहतो आहे.

सासवडच्या आधी त्या मुलाने रस्त्याकडेच्या दुकानातून लेकीसाठी बुक्क्याची पुडी आणि एक छोटा टाळ घेतला होता. टाळ वाजतो का, हे त्याने दोनदा वाजवून पाहिले. तो घरी पोचला तेव्हा ती जागी असावी, अशी मी त्या रात्री तळावर प्रार्थना केली. बाळा, हा लेख तुझ्या हाती पडलाच, तर तुझे चुकते कुठे ते आता सांगतो. तू राबतोस ते चुकत नाही. मशीनवर नाम घेतोस तेही चुकत नाही. विटेवर कोणाला उभे करायचे, एवढेच चुकते आहे. तुझी लेक फार वर्षे विटेवर उभी राहणार नाही. ती मोठी होईल आणि आपल्या वाटेने निघून जाईल. पांडुरंगाचे तसे नाही. तो थांबेल.

रामकृष्णहरि.